इंग्रजी शब्द मुलांना कसे सांगावे?

घरांत अभ्यासाला बसलेल्या मुलानें एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला, म्हणजे जवळच्या वडील माणसाकडून त्याला बहुधा एकच मराठी शब्द मिळतो. ‘लेक’ म्हणजे तलाव, ‘आयलंड’ म्हणजे बेट, ‘वेअर’ म्हणजे नेसणें. मुलाचें समाधान होतें, वडिलांचें कर्तव्य संपतें, आणि वहींत एका बाजूला स्पेलिंग व दुसऱ्या बाजूला अर्थ अशी आणखी एक ओळ पडते. महाराष्ट्रांत आजवर जे इंग्रजी शिकले त्यांतील बहुतेकांचा शब्दसंग्रह या दोन रकान्यांच्या वहींतच झाला, आणि तिची योग्यता सर्वस्वीं नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु वर्षानुवर्षें ही वही पाठ करूनहि पुष्कळ मुलांना तींतील शब्द वाक्यांत घालतां येत नाहींत, हा अनुभव घरोघरचा आहे. त्याचें कारण मुलाच्या आळसांत शोधण्यापेक्षां अर्थ सांगण्याच्या रीतींत शोधणें अधिक न्याय्य होईल.

या रीतीची परंपरा जुनी आहे. संस्कृत शिकणारा विद्यार्थी अमरकोश मुखोद्गत करी. शिवकालांत रघुनाथपंडितांनीं सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशांत दरबारांतील फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. इंग्रजी अमदानींत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रसिद्ध झाला, त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ति १८५७ मध्यें निघाली, आणि मोल्सवर्थनेंच आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश कँडीनें पुरा करून १८४७ मध्यें बाहेर आणला. हे सर्व थोर ग्रंथ होत. पण ते जाणत्यांसाठीं होते. मोल्सवर्थचा कोश चाळणारा अंमलदार आपली भाषा व आपला जगाचा अनुभव बरोबर घेऊनच आलेला असे. त्याला केवळ किल्ली हवी होती, खोली त्याच्या ओळखीची होती. पुढें शाळाशाळांतून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गेली. तिचा मोठा गुण असा कीं, तिनें शब्दांच्या यादीखालीं लगेच वाक्यें दिलीं आणि तीं दोन्ही बाजूंनीं उतरवून घेतलीं. दुर्दैव एवढेंच कीं, घरोघर यादी तेवढी उरली आणि वाक्यें गळालीं!

आतां मुलाचें वय लक्षांत घ्यावें लागतें. कोल्हापूरचेंच उदाहरण घेण्यासारखें आहे. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, तें मराठींतून. इंग्रजीची गांठ त्यानंतर पडावयाची. मराठी चौथी होऊन विद्यार्थी इंग्रजी पहिलींत बसे तेव्हां तो दहा-अकरा वर्षांचा असे, आणि मराठी शब्दांची बरी शिदोरी त्याच्यापाशीं जमलेली असे. अशा मुलाला सांगितलेला प्रतिशब्द निदान कशावर तरी टेकत होता. २००० सालापासून मात्र महाराष्ट्रांतील मराठी शाळांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविण्यांत येते. सहा वर्षांच्या मुलाची मराठीच अजून घडत असते. त्याला ‘आयलंड’ म्हणजे बेट असें सांगितलें, आणि तें मूल पन्हाळ्याच्या बाजूचें असलें, तर त्याच्या डोळ्यांपुढें वेळूचें बेट उभें राहण्याचाच संभव अधिक. समुद्रांतील बेट त्यानें पाहिलेलें नसतें, आणि त्या अर्थानें हा मराठी शब्दहि त्याच्या कानांवरून क्वचितच गेलेला असतो. अज्ञाताचा उलगडा अज्ञातानें व्हावा कसा?

याच शब्दाकडे दुसऱ्या वाटेनें जाऊन पाहावें. लँड, वॉटर, ऑल आणि राउंड हे चार शब्द मुलाला येत आहेत असें धरावें. मग त्याला सांगावें: ‘अ लेक इज वॉटर विथ लँड ऑल राउंड इट.’ हें वाक्य कळतांच कोल्हापूरच्या मुलाला रंकाळा आपण होऊन आठवतो. कोणी आठवण करून देण्याची जरूर पडत नाहीं. लगेच दोन शब्दांची अदलाबदल करावी: ‘ॲन आयलंड इज लँड विथ वॉटर ऑल राउंड इट.’ हें समजण्यास समुद्रापर्यंत जावें लागत नाहीं. परातींत पाणी ओतून मध्यें एक वाटी उपडी ठेवली तरी पुरतें. जुन्या चार शब्दांच्या भांडवलावर दोन नवे शब्द मिळाले, ते एकमेकांचा हात धरून मनांत राहिले, आणि ‘विथ’ हा लहानसा पण मोठा त्रासदायक शब्द कसा वापरावा हेंहि न शिकवतां कळलें. प्रतिशब्दाच्या वहींत यांतलें कांहीं घडत नाहीं.

येथेंच थांबूं नये. पंचगंगा लेक होते काय, असें मुलाला विचारावें. तें थोडा विचार करून नाहीं म्हणतें. जमीन तिच्या दोनच बाजूंना आहे आणि पाणी वाहतें आहे. मग ‘रिव्हर’ची व्याख्या करण्याचा प्रयत्न होतो: ‘वॉटर दॅट रन्स टु द सी.’ व्याख्या वाईट नाहीं. परंतु एखादें चौकस मूल हरकत घेईल कीं, पंचगंगा समुद्राला कोठें मिळते? ती नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. हरकत बरोबर आहे, आणि व्याख्या दुरुस्त करणें भाग पडतें: ‘टु द सी ऑर टु अनदर रिव्हर.’ अशा दुरुस्तींत ‘अनदर’ हा शब्द ज्या पक्केपणानें बसतो, तसा तो दहा वेळां घोकूनहि बसत नाहीं. कारण तो मुलाला हवा असतांना मिळालेला असतो. पुढें हेंच मूल मोठें झालें आणि भूगोलांत ‘कॉन्फ्ल्युअन्स’ हा भला मोठा शब्द आडवा आला, तर ‘द प्लेस व्हेअर टू रिव्हर्स मीट’ एवढ्या सांगण्यानें त्याला प्रयाग चिखलीचा संगम दिसूं लागेल. मोठा शब्द लहान शब्दांनीं सोडवितां येतो हा धीर एकदां आला, म्हणजे पुस्तकाची भीति अर्धी सरते.

ही कल्पना कोणा घरगुती शिक्षकाची लहर नव्हे. आणि अभिमानाची गोष्ट अशी कीं, तिचा पद्धतशीर पाया घालणाऱ्या गृहस्थाला तिची निकड अविभक्त हिंदुस्थानांतच पटली. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी बंगालमध्यें होते व आज बांगलादेशाची राजधानी असलेल्या डाक्का शहरीं शिक्षकांना तयार करण्याचें काम करीत. बंगाली मुलें इंग्रजी वाचतांना कोठें अडखळतात हें त्यांनीं बारकाईनें पाहिलें. एका पानावर फार नवे शब्द आले आणि ते पुढें पुन्हां भेटले नाहींत, तर मुलाच्या हातीं कांहींच राहत नाहीं, असें त्यांना दिसून आलें. म्हणून कोणता शब्द केव्हां आणावा व किती वेळां फिरवून आणावा याचा हिशेब ठेवून त्यांनीं वाचनमाला तयार केली. १९३५ सालीं एंडिकॉट यांच्या सहकार्यानें त्यांचा लहानसा कोश प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें २४,००० शब्द व वाक्प्रचार यांचे अर्थ दिलेले आहेत, आणि ते सर्व अर्थ सांगण्यासाठीं वापरलेले शब्द अवघे १,४९० आहेत! म्हणजे ज्याला हे दीड हजार शब्द येतात त्याला उरलेल्या सर्वांचा दरवाजा उघडा. याउलट डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ च्या सुप्रसिद्ध कोशांत जाळ्यासारख्या साध्या वस्तूचा अर्थ इतक्या बोजड लॅटिनी शब्दांनीं सांगितलेला आहे कीं, ती व्याख्या इंग्रजांमध्येंच थट्टेचा विषय होऊन बसली.

वेस्ट यांच्यापूर्वीं पांच वर्षें, १९३० सालीं, ऑग्डेन यांनीं ८५० शब्दांची एक छोटी इंग्रजीच निराळी करून दाखविली होती. पण ती फार आवळल्यामुळें कृत्रिम झाली आणि रुजली नाहीं. वेस्ट यांचें तत्त्व मात्र टिकलें. हॉर्न्बी यांनीं जपानांत राहून विद्यार्थ्यांसाठीं रचलेला कोश १९४२ मध्यें टोकियोंत व १९४८ मध्यें ऑक्सफर्डच्या छापखान्याकडून निघाला. लाँगमन कंपनीच्या १९७८ च्या विद्यार्थी-कोशांत व्याख्येचे शब्द सुमारें २,००० वर आटोपले आहेत. १९८७ मध्यें बर्मिंगहॅमच्या विद्यापीठांतून निघालेल्या कोबिल्ड कोशानें आणखी एक पाऊल पुढें टाकून अर्थ तुटक न देतां सबंध वाक्यांत दिले. आईनें मुलाला सांगावें तसे ते वाटतात: अमुक केलें म्हणजे तमुक होतें. लहानांच्या दृष्टीनें हीच रीत सर्वांत उपयुक्त आहे, कारण अर्थाबरोबर वाक्याची घडणहि मुलाच्या कानीं पडते.

प्रतिशब्दाची खरी अडचण मात्र मुलाच्या अज्ञानापुरती नाहीं. ती दोन भाषांच्या स्वभावांत आहे. दोन भाषांनीं जगाच्या वाटण्या सारख्या केलेल्या नसतात. मराठी माणूस लुगडें नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, शाल पांघरतो आणि चष्मा लावतो. या सर्वांना इंग्रजींत ‘वेअर’ हा एकच शब्द. मुलाला ‘वेअर’ म्हणजे नेसणें असें सांगितलें तर त्याच्या हातीं पांचवा हिस्सा आला; पांचहि सांगितले तर त्याचा गोंधळ झाला. पुन्हां गंमत अशी कीं, मराठी ‘घालणें’ हें क्रियापद सदरा अंगांत जात असतांनाहि चालतें आणि तो अंगावर असतांनाहि चालतें. इंग्रजी या दोन अवस्था निराळ्या मानते. म्हणून बाहीशीं झगडत असलेला मराठी मुलगा बाहेर उभ्या असलेल्या मित्राला ‘आय ॲम वेअरिंग माय शर्ट’ असें ओरडून सांगतो, आणि शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडींहि ही चूक आढळते. ‘इफ यू वेअर समथिंग, इट इज ऑन युवर बॉडी’ असें पहिल्याच दिवशीं सांगितलें असतें, तर फेटा, शाल, चष्मा, बांगड्या सगळें त्यांत बसलें असतें. आणि अजून अंगावर आलेला नाहीं तो सदरा आपोआप बाहेर राहिला असता.

‘बॉरो’ आणि ‘लेंड’ यांचेंहि तसेंच. वहींत दोहोंपुढें उसनें हा शब्द असतो, एकापुढें घेणें व दुसऱ्यापुढें देणें. मुलाच्या स्मरणांत उसनें तेवढें राहतें, आणि घेणारा कोण व देणारा कोण याची अदलाबदल होते. ‘टेक समथिंग अँड गिव्ह इट बॅक लेटर’ आणि ‘गिव्ह समथिंग अँड गेट इट बॅक लेटर’ हीं दोन वाक्यें हातांत एक पेन्सिल घेऊन प्रत्यक्ष करून दाखविलीं कीं काम झालें. ‘अंकल’ या शब्दाची कथा उलट दिशेची आहे: मामा, काका, मावशीचे यजमान व आत्याचे यजमान यांना इंग्रजानें एकाच पंक्तीला बसविलें आहे. हल्लीं तर रिक्षावाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सर्वच अंकल झाले आहेत, तो भाग सोडून द्यावा.

श्रोत्यांपैकीं कित्येकांना वाटेल कीं, एवढ्या व्याख्या करण्यास लागणारे पहिले इंग्रजी शब्द तरी मुलाजवळ कोठून यावे? ज्या घरांत इंग्रजी बोललें जात नाहीं तेथील मूल या बाबतींत अगदींच निर्धन असतें, असा एक समज शहरांतून पसरलेला आहे, आणि त्यापायीं अनेक आईबाप उगाच खालीं मान घालून वावरतात. हा समज खोटा आहे. कोल्हापुरांत फुटबॉलचें वेड पिढ्यान्‌पिढ्यांचें. पेठापेठांच्या तालमींचे संघ मैदानांत उतरले म्हणजे शाळेंत न गेलेला पोरहि गोल, कीपर, कॉर्नर, पास, फाउल, पेनल्टी हे शब्द बिनचूक वापरतो. यांतील ‘कीपर’ घ्यावा: जो राखतो तो. त्यावरून ‘शॉपकीपर’ आणि ‘गेटकीपर’ फुकट मिळतात. ‘कॉर्नर’ म्हणजे मैदानाच्या दोन बाजू जेथें मिळतात ती जागा. मग खोलीचा कोपरा व रस्त्याचें वळण एका शब्दांत येतात. उद्यमनगरांत लेथवर काम करणाऱ्या कारागिराच्या मुलाला पंप, व्हॉल्व्ह, पिस्टन, ड्रिल हे शब्द वस्तूंसह येतात. बंगल्यांतल्या मुलाला ते पुस्तकांतूनहि येत नाहींत. प्रभात फिल्म कंपनी १९२९ सालीं याच गांवीं स्थापन झाली, तेव्हांपासून कॅमेरा, स्टुडिओ, मेकअप हे शब्द येथल्या बोलण्यांत मुरलेले आहेत. हें सारें भांडवल घरांत पडून असतां मूल निर्धन कसें?

मात्र हें भांडवल मोजून घ्यावें लागतें, कारण मराठींत येतांना पुष्कळ शब्दांनीं आपला अर्थ बदललेला आहे. मराठी घरांत स्टीलचा ग्लास असतो. इंग्रजाच्या दृष्टीनें ‘ग्लास’ ही आधीं कांच, आणि मग तिचें भांडें. कोल्हापूरकर हॉटेलांत मिसळ खाऊन अर्ध्या तासांत बाहेर पडतो. इंग्रजी ‘हॉटेल’ मुख्यतः उतरण्याची जागा. ‘गॅदरिंग’ म्हणजे शाळेचें स्नेहसंमेलनच, असें येथल्या मुलाला वाटतें; मूळ शब्द कोणत्याहि जमावाला चालतो. अशा वेळीं मराठी वापर चूक म्हणून मुलाला हंसूं नये. मराठीनें शब्द घेतला आणि आपल्या सोयीनें वापरला, यांत अपराध कसला? त्या शब्दाचें इंग्रजी घर कोणतें आहे एवढें साध्या वाक्यानें दाखवून द्यावें.

यापुढची पायरी म्हणजे मुलानें स्वतः व्याख्या करणें. यासाठीं त्याच्या नित्य पाहण्यांतील वस्तु घ्यावी. गूळ घ्यावा. त्याला इंग्रजींत ‘जॅगरी’ म्हणतात. हा शब्द इंग्रजांनीं पोर्तुगीजांकडून उचलला आणि त्याचें मूळ संस्कृत शर्करेपर्यंत जातें, ही गोष्ट मुलांना सांगितली तर ती त्यांना आवडते. आतां व्याख्या. पहिल्यानें मूल म्हणेल, ‘इट इज स्वीट.’ मग साखर? तीहि गोड. ‘इट इज स्वीट अँड ब्राउन.’ मग चॉकलेट? मूल हंसतें व विचारांत पडतें. ज्यानें करवीर किंवा कागल तालुक्यांतलें गुऱ्हाळ पाहिलें आहे, काहिलींत उकळणारा रस आणि त्यावर नजर ठेवून उभा असलेला गुळव्या पाहिला आहे, त्याला पुढचें सांगावें लागत नाहीं; त्याला हवे असतात ते ‘शुगरकेन’, ‘जूस’ आणि ‘बॉइल’ हे तीन शब्द. ते मागून घेऊन तें म्हणतें, ‘वी बॉइल शुगरकेन जूस अँड मेक इट.’ साखरहि उंसाच्याच रसाची, अशी शंका काढली कीं तें उत्तर देतें, ती पांढरी आणि बारीक दाण्यांची; गुळाचा केवढा तरी रवा असतो. म्हणजे ‘बिग ब्राउन लंप्स’. चार प्रयत्नांत व्याख्या उभी राहिली. ती कोशांतल्याइतकी नेमकी नसेल, परंतु ती तयार करतांना जाति कोणती व भेद कोणता, हा न्यायशास्त्रांतला विचार मुलानें नांव न घेतां केला.

याचा अर्थ मराठी शब्द घरांतून हद्दपार करावा असा मुळींच नाहीं. कांहीं शाळांतून इंग्रजीच्या तासाला मराठी उच्चारण्यास बंदी असते. तिच्यांत शहाणपण कमी व डौल जास्त आहे. ‘परहॅप्स’, ‘बिकॉज’, ‘ऑलदो’ अशा शब्दांची इंग्रजी व्याख्या करण्यांत दहा मिनिटें घालविणें म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय होय. कदाचित्, कारण, जरी एवढें सांगून मोकळें व्हावें. मांजर, दूध, लाल, सात यांसारख्या शब्दांनाहि व्याख्या नको. वस्तु दाखविली कीं पुरे. व्याख्येची गरज मधल्या शब्दांना आहे: जेथें मराठी शब्द मुलाला ठाऊक नाहीं, जेथें एकाला पांच किंवा पांचांना एक अशी वांटणी आहे, आणि जेथें दोन शब्द एकमेकांत मिसळतात. ‘सी’, ‘लुक’ व ‘वॉच’ या तिघांपुढें वहींत पाहणें लिहून ठेवलें तर मुलाला कांहींच सांगितलें नाहीं असें होतें.

वहीच ठेवावयाची तर तिची मांडणी बदलावी. शब्दापुढें मुलाच्या स्वतःच्या भाषेंतलें एक इंग्रजी वाक्य असावें, जमल्यास लहानसें चित्र, आणि मराठी शब्द हवा असेल तर तो पानाच्या पाठीमागें, म्हणजे डोळा आधीं त्यावर जाणार नाहीं. दिवसाला तीन शब्द पुष्कळ झाले. तेच शब्द दुसऱ्या दिवशीं, आठवड्यानें व पुन्हां महिन्यानें विचारावे. एका रात्रींत वीस शब्द घोकून घेण्यापेक्षां हें कितीतरी बरें. विचारतांना ‘अर्थ सांग’ असें न म्हणतां व्याख्या आपण सांगावी व शब्द मुलाकडून काढावा. हा खेळ स्वयंपाकघरांत भाजी निवडतां निवडतांहि चालतो, आणि इंग्रजी फारशी न येणारी आजीदेखील मराठींतून वर्णन करून त्यांत भाग घेऊं शकते.

मूल चौथी-पांचवींत गेलें म्हणजे त्याला स्वतःचा कोश घेऊन द्यावा. महाद्वार रोडवरच्या दुकानांतून तऱ्हेतऱ्हेचे कोश मांडलेले असतात, आणि जाड व महाग तो चांगला असें समजून आईबाप तो उचलतात. घेण्यापूर्वीं एक परीक्षा करावी. मुलाला चांगल्या ठाऊक असलेल्या पांच वस्तु मनांत धराव्या, जसें दार, चमचा, छत्री, पूल, शिंपी. कोशांत त्यांचे इंग्रजी शब्द काढून पुढची व्याख्या तेवढी मुलाला वाचून दाखवावी, शब्द सांगूं नये. पांचांपैकीं चार वस्तु त्यानें ओळखल्या तर तो कोश त्याच्या वयाचा आहे. दोनच ओळखल्या तर तो दुकानदाराला परत द्यावा आणि शेजारचा बारीक कोश मागावा.